पांढरं न होणारं पाणी

वसंता गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याला घरी जेवायला बसलो होतो. आमच्याकडे फोन नाही. शेजारच्या काकू दारात आल्या, "जामनेरहून फोन होता, तुमचे वसंत सर गेले, सकाळीच," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या बायकोकडे बघत उभ्या राहिल्या. मी ताटावरून उठलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, फेरी राहिली. पंधरा दिवसांपूर्वी जळगावच्या दवाखान्यात मी त्याला शब्द दिला होता आणि घरी येऊन तो खुंटीला टांगून ठेवला होता. रडू नंतर आलं, जामनेरच्या एसटीत बसल्यावर.

त्या भेटीत तो बरा दिसत होता. छातीचं दुखणं, पण उशीला टेकून बसला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सलाईनच्या बाटलीत मीठ किती असतं ते समजावून सांगत होता. वहिनींनी मला पाणी दिलं. वसंताने हात पुढे करून माझ्या हातातला पेला काढून घेतला, एक घोट प्यायला, पेला मांडीवर ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मिनिटभराने पेला मला परत दिला. ही त्याची जुनी खोड. शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवरच्या पाणपोईवर, कुठेही असो, आपल्या माणसाच्या हातातलं पाणी आधी तो चाखणार, थांबणार आणि मग देणार. आम्ही त्याची टर उडवायचो. "राजेसाहेबांचं उष्टं मिळालं," असं म्हणून मी तो पेला कपाळाला लावायचो. तो हसायचा नाही... त्या दिवशी मी थट्टा केली नाही. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "यंदा फेरी राहिली रे. डबा घरी भरलेला आहे. तू करशील?" मी म्हटलं, करीन. "आषाढ संपायच्या आत," तो म्हणाला. मी म्हटलं, हो.

ही फेरी कसली आणि डबा कसला, हे सांगायचं तर साक्रीपासून सुरुवात करायला हवी. आमच्या संस्थेच्या शाळा धुळे आणि जळगाव अशा दोन्ही जिल्ह्यांत होत्या. ऐंशी सालानंतर लगेचच आम्ही दोघं साक्रीच्या शाळेत लागलो, मी गणिताला आणि तो विज्ञानाला, आणि एकाच खोलीत राहिलो. प्रयोगशाळा म्हणजे कुलूप न लागणारं एक कपाट होतं. त्यात फुटकी काचपात्रं आणि झुरळं. वसंताला त्याचं काही वाटायचं नाही. मीठ, साखर, खडू, गोडंतेल आणि रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग, एवढ्यावर त्याचा अख्खा धडा उभा राहायचा. काठोकाठ भरलेल्या पेल्यात चिमूटचिमूट मीठ सोडायचा आणि पाणी सांडत का नाही ते पोरांना विचारायचा. मग आणखी मीठ, आणखी मीठ, शेवटी तळाशी पांढरा थर बसायला लागला की म्हणायचा, "आता पाणी म्हणतंय, पुरे." खडूची पूड घातलेलं पाणी गढूळ होऊन तसंच राहायचं, तासाभराने पूड खाली बसायची. "हा पाहुणा आहे, घरचा झाला नाही," असं तो म्हणायचा. मी शेजारच्या वर्गात समीकरणं शिकवत असायचो आणि माझी पोरं कान त्याच्याकडे लावून बसायची. राग यायचा मला, अजून आठवला तरी थोडा येतो.

सगळ्यात शेवटी रंग. गुलाबी रंगाचा एकच कण पाण्यात सोडायचा, ढवळायचं नाही. कण खाली जाताना मागे एक बारीक दोरा सोडत जायचा, तळाशी गुलाबी डाग पडायचा. दुसऱ्या दिवशी तो डाग वर चढलेला, चार दिवसांनी पेला सगळा गुलाबी. मग त्यातलं पेलाभर पाणी बादलीत, बादलीतलं पेलाभर दुसऱ्या बादलीत, असं करत करत रंग दिसेनासा व्हायचा आणि तो विचारायचा, "रंग गेला कुठे?" पोरं म्हणायची, संपला. एका वर्षी आठवीतली सुमन उभी राहिली. किडकिडीत, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, बोलताना नजर खाली. म्हणाली, "रंग कुठं गया नई सर. आपलाच डोया कमी पडतस." वर्ग हसला. वसंता हसला नाही. त्याने ते वाक्य फळ्यावर पुस्तकी भाषेत लिहिलं, 'रंग गेला नाही, आपले डोळे कमी पडले', आणि त्याखाली तिचं नाव. संध्याकाळी खोलीवर भाकरी थापताना तो मला तीनदा तेच सांगत होता.

दहावी झाल्यावर तिचं लग्न ठरलं, जामनेर तालुक्यातल्या एका गावी, कपाशीवाल्या घरात. त्याच सुमारास आमची दोघांचीही बदली त्याच गावच्या शाळेत झाली होती. सुमनचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, लग्नाचं बोलावणं घेऊन आमच्या खोलीवर आले. डोंगराकडची कोरडवाहू शेती, अंगात जाडाभरडा सदरा. जाताना उंबऱ्यात थबकून वसंताला म्हणाले, "पोर दूर जाई राहिनी, गुरुजी. तुमी तठे शेतस, तुमना भरोसा शे." वसंता म्हणाला, आम्ही आहोत तिथे, काळजी करू नका. असं सगळेच म्हणतात, मीही म्हटलं असतं. पण आबांचा तो 'भरोसा' त्याच्या कानात कायमचा राहिला, हे मी पुढे पाहिलं.

सुमनचे सासरे नाना. तोंडाचे फटकळ, पण सुनेला 'अक्का' म्हणून हाक मारणारे. ती सासरी रुळली. शाळेवरून जाताना आम्ही दिसलो की पदर सावरून थांबायची, आणि वसंता तिला न चुकता विचारायचा, "रंग कुठे गेला?" ती नुसतीच हसायची. अशी तीन-एक वर्षं गेली.

कपाशीच्या मुलखात फवारणीच्या औषधाला औषधच म्हणतात. त्या काळात जी औषधं होती ती पाण्यात पडली की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. ते पांढरेपणच त्याची खूण. जितकं पांढरं तितकं कडक, अशी सगळ्यांची खात्री. आणि त्याच पांढऱ्यावर दुसरी एक गोष्ट उभी होती, जी कोणी कोणाला कधी सांगत नसे कारण सांगावी लागतच नसे: पांढऱ्या बादलीला हात लावायचा नाही. म्हातारी माणसं, रांगती पोरं, शेतावर नवीन आलेली मजूरबाई, सगळ्यांना ते बघून कळायचं. अशात एका वर्षी बाजारात नवीन औषध आलं, आणि श्रावणातल्या एका सकाळी नाना बाटली घेऊन शाळेच्या ओट्यावर आले. मागे पाच-सहा शेतकरी. "गुरुजी, हाई औषध खोटं शे. पानी धवळं व्हसच नई. माले फसाडी गया दुकानदार."

वसंता खूश झाला. त्याचा आवडता धडाच चालून आला होता. त्याने दोन बादल्या मागवल्या. एकीत जुनं औषध टाकलं, पाणी पांढरं. दुसरीत नवीन, पाणी जसंच्या तसं नितळ. मग तो ओट्यावर उभा राहून बोलला. पांढरं होतं ते औषध विरघळलेलंच नसतं, त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात म्हणून ते दुधासारखं दिसतं. हे नवीन खरोखर विरघळतं, पाण्याच्या कणाकणात जाऊन बसतं, म्हणून दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. खोटं नाही, उलट हेच खरं. शेतकरी माना डोलवत होते. नानांची शंका फिटली, त्यांनी बाटलीला बूच लावलं. मीही तिथेच उभा होतो, चहाचा कप हातात घेऊन. वसंताने सगळं सांगितलं, एकच वाक्य सोडून: आता ही बादली आणि पिण्याच्या पाण्याची बादली तुम्हाला वेगळी ओळखता येणार नाही. ते वाक्य त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, पण मला कोणी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी बांधावरच्या निंबाखाली औषध कालवलं. पंपाच्या तोटीत कचरा अडकला म्हणून ती दुरुस्त करून आणायला गावात गेले. बादली सावलीत तशीच राहिली, नितळ, वर निंबाची दोन पानं पडलेली. दुपारी सुमन भाकरी घेऊन शेतात आली. ऊन चढलं होतं, ती चालून दमली होती. तिने बादलीतल्या पाण्याने हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि सोबतच्या तांब्याने घेऊन प्यायली. वास आला नसेल का, असं नंतर बऱ्याच लोकांनी विचारलं. त्या दिवसांत शिवारात सगळ्यालाच तो वास असतो, भाकरीलासुद्धा... नाना परत आले तेव्हा ती झाडाखाली घामाने भिजून पडली होती, तोंडातून लाळ गळत होती. जीपने जामनेर, तिथून जळगाव. डॉक्टरांनी दोन दिवस शर्थ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पोळा दोनच दिवसांवर होता. नानांच्या बैलांच्या शिंगांना त्या वर्षी रंग लागला नाही.

आणि मग खरी भीती सुरू झाली. तरुण सासुरवाशीण औषधाने गेली म्हटल्यावर लोक एकच अर्थ लावतात. "औषध घेतलं" असं म्हणायचं आणि गप्प बसायचं, म्हणजे सगळं आलं. गावात कुजबुज, पोलीस येऊन गेले, साक्रीहून निरोप आला की सुमनचे भाऊ तक्रार द्यायला निघाले आहेत. नानांच्या घराला दिवसाढवळ्या आतून कडी. बादलीतलं पाणी नितळ होतं, हे नाना सांगत होते, पण आरोपीच्या तोंडचं कोण ऐकतं. जुन्या औषधांवर वाढलेल्या फौजदारालाही ती थाप वाटली. हे पटवून देऊ शकेल असा माणूस एकच होता. त्या रात्री वसंता जेवला नाही. मी त्याला म्हटलं, आणि हे मी आज छापून सांगतो आहे, "तू यात पडू नकोस. तूच सांगितलंस म्हणून त्यांनी वापरलं, असं उद्या निघेल. नोकरी जाईल." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला चूळ भरायला उठावं लागलं.

तो फौजदाराकडे गेला, जबाब दिला, आणि पुढच्या दिवशी साक्रीला निघाला. मी लाजेखातर सोबत गेलो. आबांच्या ओसरीवर माणसं बसली होती, कोणी या म्हटलं नाही. वसंताने पिशवीतून दोन पेले काढले, औषधाच्या दोन बाटल्या काढल्या आणि आबांच्याकडेच पाणी मागितलं. सुमनच्या धाकट्या भावाने ते आणून आदळलं. एक पेला पांढरा झाला, दुसरा तसाच राहिला. वसंता म्हणाला, "आबा, तिने औषध घेतलं नाही. ती पाणी प्यायली. तिच्या सासरच्यांचा दोष नाही. हे पाणी असं दिसतं हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं." आबांनी वाकून दोन्ही पेल्यांत पाहिलं. मग म्हणाले, "मनी पोर औषध पेनारी नव्हती, हाई माले ठाऊक व्हतं." आणि आवाज न चढवता, "मंग तुमी तो एक शबद का बरं नई सांगा, गुरुजी?"

वसंताने दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या. आबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो पुढे कितीदा म्हणाला. तक्रार झाली नाही. नानांच्या घराची कडी निघाली. निघताना आबांनी ते दोन्ही पेले स्वतः उचलले, घरामागे खड्डा खणून पाण्यासकट पुरले. परतीच्या एसटीत मला तहान लागली म्हणून मी पिशवीतून बाटली काढली, तर वसंताने ती हिसकावून घेतली, एक घोट प्यायला आणि घड्याळाकडे बघत बसला. ती पहिली वेळ.

त्यानंतर त्याने रंगाचा ध्यास घेतला. औषध पांढरं होत नसेल तर त्याला रंगवायचं, म्हणजे बादली पुन्हा ओळखू येईल, एवढाच त्याचा हिशेब. आधी कपड्यांची नीळ वापरून पाहिली. ती विरघळत नाही, खाली बसते, पंपाच्या तोट्या तुंबल्या आणि शेतकऱ्यांनी त्याला फैलावर घेतलं. मग त्याला त्याचा वर्गातला गुलाबी रंग आठवला. तो विरघळतो, तोटी तुंबत नाही, आणि चिमूटभर रंगात बादली लांबून दिसते. तेव्हापासून रंगपंचमी झाली की वसंता दुकानोदुकानी उरलेला रंग गोळा करायचा. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात साठवायचा, रद्दीच्या कागदाच्या पुड्या बांधायचा आणि आषाढात सायकलवर आसपासची गावं फिरायचा. हीच ती फेरी. "औषध कालवलं की आधी ही पुडी," एवढंच सांगायचा, आता धडा देत नव्हता. शेतकी खात्याचे साहेब हसले, पोरं त्याला रंगवाले सर म्हणू लागली. पण त्या दहाबारा गावांत श्रावणात बांधाबांधावर गुलाबी बादल्या दिसायच्या, आणि त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांचा रंग बारा महिने जायचा नाही. पुढे माझी बदली धुळ्याला झाली. त्याची फेरी एकाही वर्षी चुकली नाही, यंदा दुखणं येईपर्यंत. तिरडीवर त्याचा हात पांढऱ्या कापडाबाहेर राहिला होता. बोटं गुलाबी होती.

मी शब्द दिला होता, आणि मी गेलो नाही. शाळा नुकतीच सुरू झालेली, प्रवेश, वेळापत्रक, मग वसंता गेला, मग तेरावा. कारणं मोजायला मी पक्का आहे, गणिताचा माणूस. आषाढ संपला. गेल्या आठवड्यात, श्रावण निम्मा सरल्यावर, वहिनींना भेटायला म्हणून नानांच्या गावी, वसंताच्या घरी गेलो. खिडकीत एक पेला होता, वर बशी झाकलेली. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी वसंताने त्यात रंगाचा एक कण सोडला होता, वहिनी म्हणाल्या, ढवळू नको असं सांगून गेले. मी बशी उचलून पाहिलं. रंग काठापर्यंत चढला होता. कोपऱ्यात डबा होता, पुड्या रचून भरलेला, एकही कमी नाही.

मी डबा मांडीवर घेऊन बसलो असतानाच दारात नाना आले. आता काठी लागते त्यांना. वसंताच्या फोटोला हात जोडले, माझ्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. "यंदा आनखी नवीन औषध उनं शे," ते म्हणाले. "हाई बी धवळं व्हस नई. वास बी नई येस."

"फवारणी सुरू झाली?" मी विचारलं.

"आठ दिन झायात. बठ्ठा गावमा." आठ दिवस, सगळ्या गावात.

"रंग घातला ना कोणी?"

नानांनी काठी भिंतीला टेकवली. "सर व्हतात तवा सर येत," ते म्हणाले. "यंदा कोनी उनंच नई."

"कुठे काही झालं तर नाही ना?" मी विचारलं.

"आजलोंग तरी नई," नाना म्हणाले आणि हात पुढे केला. मी पुड्या ओंजळीने काढून त्यांच्या उपरण्यात घातल्या. उरलेला डबा घेऊन मीही निघणार होतो, किमान जवळची चार गावं तरी संध्याकाळपर्यंत होतील म्हणून. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, उन्हाचे निघालात, पाणी पिऊन जा. माठातून तांब्या भरून आणला, नानांसाठी आणि माझ्यासाठी दोन पेले ठेवले, स्वतःलाही एक ओतून घेतला. पाणी अगदी स्वच्छ होतं, पेल्याचा तळ दिसत होता. वहिनींनी पेला उचलला आणि ओठांपाशी नेऊन थांबल्या. नानाही थांबले. या घरात इतकी वर्षं वसंताखेरीज कोणीच पहिला घोट घेतला नव्हता.

मी वहिनींच्या हातातून पेला घेतला. एक घोट प्यायलो. मग पेला मांडीवर ठेवून घड्याळाकडे बघत बसलो. बाहेर शिवारातून फवारणीच्या पंपांचा आवाज येत होता. माझ्या तीन बोटांना डब्यातला रंग लागला होता. मिनिट सरल्यावर मी पेला त्यांच्याकडे परत दिला.